बाळाचा श्वास मोजून न्यूमोनिया कसा ओळखतात? गडचिरोलीतल्या संशोधनाने काय बदललं?

जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातलं पिंपळगाव रेणुकाई मिरचीच्या बाजारासाठी ओळखलं जातं. अशा गावात आठ महिन्यांच्या बाळाला रात्री खोकला आणि ताप आला, की घरच्यांपुढे एकच प्रश्न असतो: सकाळपर्यंत थांबायचं की आत्ताच निघायचं? निघायचं तर आधी भोकरदन, तिथून जालना, आणि तिथूनही पुढे पाठवलं तर छत्रपती संभाजीनगरची घाटी. प्रत्येक टप्प्यावर वेळ जातो, गाडीभाडं लागतं, दुसऱ्या दिवशीचा रोज बुडतो. आणि बहुतेक वेळा ती साधी सर्दीच निघते.

पण काही वेळा तो न्यूमोनिया असतो. तान्ह्या बाळात तो दोन-तीन दिवसांत जीवावर बेतू शकतो. मग जवळ डॉक्टर नाही, एक्स-रे नाही, स्टेथोस्कोप नाही, अशा घरात या दोन्हींतला फरक ओळखायचा कसा? मुलांच्या तातडीच्या उपचारांवर गेल्या चाळीस वर्षांत जे संशोधन झालं, त्यातला मोठा भाग याच प्रश्नाभोवती फिरतो. त्याच्या उत्तरातला एक महत्त्वाचा तुकडा महाराष्ट्रातूनच, गडचिरोलीतून आला.

श्वासच का मोजायचा?

न्यूमोनियात फुप्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्यांमध्ये पू आणि पाणी साचतं. फुप्फुस कडक होतं आणि एका श्वासात आत जाणारी हवा कमी होते. मोठा माणूस जोर लावून खोल श्वास घेऊ शकतो. बाळाला ते फारसं जमत नाही, म्हणून ते श्वासांची संख्या वाढवतं. आजार वाढला की छातीचे स्नायू जोरात ओढायला लागतात. बाळाच्या बरगड्या मऊ असल्यामुळे श्वास घेताना छातीचा खालचा भाग बाहेर येण्याऐवजी आत जातो. 'पोट उडतंय' किंवा 'फासळ्या ओढतायत' असं आज्या म्हणतात, ते बहुधा हेच. काही भागांत याला 'डबा' म्हणतात.

म्हणजे लक्षण लोकांना माहीत होतंच. माहीत नव्हता तो आकडा. पापुआ न्यू गिनीत काम करणाऱ्या फ्रँक शॅन यांनी 1984 च्या सुमारास दाखवलं, की खोकला असलेल्या मुलाच्या श्वासाची गती पाहून न्यूमोनियाचा अंदाज बऱ्यापैकी बांधता येतो. 1988 मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधल्या डॉक्टरांनी वयानुसार ही मर्यादा वेगळी धरावी लागते हे मांडलं. आज जागतिक आरोग्य संघटना जे आकडे वापरते ते असे: दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर मिनिटाला 60 किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत 50 किंवा जास्त, आणि एक ते पाच वर्षांपर्यंत 40 किंवा जास्त.

मोजायची पद्धत सोपी आहे, पण तिथेच चुका होतात. बाळ शांत असावं, झोपलेलं असलं तर उत्तम. रडताना किंवा दूध पिताना मोजलेला आकडा कामाचा नाही. अंगातला कपडा वर करून पोट आणि छाती दिसू द्यावी. मोबाइलवर पूर्ण एक मिनिट लावावं. पंधरा सेकंद मोजून चारने गुणण्याचा मोह टाळावा, कारण तान्ह्या बाळाचा श्वास कधी भराभर चालतो, कधी क्षणभर थांबतो. आकडा जास्त आला तर थोड्या वेळाने पुन्हा मोजावा. नुसत्या तापानेही गती वाढते.

गडचिरोलीत काय झालं?

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1985 मध्ये 'सर्च' ही संस्था स्थापन करून गडचिरोलीत काम सुरू केलं. गावोगावच्या बालमृत्यूंची नोंद ठेवायला लागल्यावर न्यूमोनिया हे मोठं कारण असल्याचं दिसलं. 1988 मध्ये त्यांनी एक प्रयोग आखला. 58 गावांत पाच वर्षांखालच्या 6176 मुलांसाठी न्यूमोनियाची माहिती घरोघरी पोहोचवायची, आणि आरोग्य कर्मचारी, गावातले आरोग्यसेवक आणि पारंपरिक सुइणी यांनीच तो ओळखून कोट्रायमोक्साझोल हे अँटिबायोटिक द्यायचं. तुलनेसाठी शेजारची 44 गावं, 3947 मुलं. तिथे नेहमीचीच सरकारी आणि खाजगी सेवा सुरू राहिली.

अडचण अशी होती, की अनेक सुइणींना लिहिता-वाचता येत नव्हतं आणि पन्नासपर्यंत मोजणंही अवघड होतं. यावर काढलेला तोडगा आजही पाहण्यासारखा आहे. एका लाकडी पट्टीवर एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ बसवलं आणि मण्यांच्या दोन ओळी लावल्या, एक तान्ह्या बाळांसाठी, दुसरी त्याहून मोठ्या मुलांसाठी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मण्यापर्यंत पोहोचलं तर न्यूमोनिया. सुईणीला फक्त दहापर्यंत मोजता येणं पुरेसं होतं.

1990 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निकाल आले. प्रयोगाच्या गावांत न्यूमोनियाच्या 612 आजारपणांवर उपचार झाले आणि त्यांत मृत्यूचं प्रमाण 0.8 टक्के होतं. तुलनेच्या गावांत ते 13.5 टक्के. पाच वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे न्यूमोनियाने होणारे मृत्यू प्रयोगाच्या गावांत 8.1, तर दुसरीकडे 17.5. औषध नवं नव्हतं, महागही नव्हतं. ते घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर, आजार सुरू होतानाच मिळत होतं, एवढाच फरक.

महिन्याच्या आतलं बाळ हा वेगळाच प्रश्न

इथेच संशोधकांना पुढची भिंत लागली. जन्मानंतरच्या पहिल्या 28 दिवसांत होणारा जंतुसंसर्ग, म्हणजे सेप्सिस, नुसता श्वास मोजून सापडत नाही. एवढ्या लहान बाळाला ताप येईलच असं नाही, उलट अंग गार पडू शकतं. ते खोकत नाही. फक्त 'मलूल' दिसतं, आणि ओल्या बाळंतिणीच्या खोलीत, अंधारात, कापडात गुंडाळलेल्या बाळाचं मलूलपण कुणाच्या लक्षात येणार?

म्हणून 1995-96 मध्ये गडचिरोलीच्या 39 गावांत आधी नुसतं पाहायचं काम झालं. प्रशिक्षित गावकरी स्त्रिया बाळंतिणीच्या घरी ठरावीक दिवशी जाऊन बाळाला तपासून नोंद करत. 763 बाळांच्या नोंदींतून दिसलं, की निम्म्याहून जास्त बाळांना महिनाभरात कधी ना कधी वैद्यकीय उपचारांची गरज होती. प्रत्यक्षात उपचार मिळाले 2.6 टक्के बाळांना. या संपूर्ण संशोधनात सगळ्यात अस्वस्थ करणारा आकडा कदाचित हाच. दवाखाना दूर आहे हे त्यामागचं एक कारण. सव्वा महिना बाळाला घराबाहेर काढायचं नाही ही रीत, हे दुसरं.

मग उपचारच घरी न्यायचे ठरले. या स्त्रियांना, म्हणजे आरोग्यदूतांना, सेप्सिसची सात लक्षणं शिकवली गेली: आधी जोरात रडणाऱ्या बाळाचं रडणं मंद होणं किंवा थांबणं, आधी नीट पिणाऱ्या बाळाने दूध कमी ओढणं किंवा सोडणं, हातपाय लुळे पडणं, अंग गरम किंवा गार होणं, उलट्या किंवा पोट फुगणं, छाती आत ओढली जाणं किंवा श्वास 60 च्या वर जाणं, नाळेत किंवा त्वचेवर पू होणं. यातली दोन लक्षणं एकाच वेळी दिसली की सेप्सिस समजायचं. पालकांना आधी दवाखान्यात न्यायला सांगायचं. ते शक्य नसेल तर त्यांच्या संमतीने घरीच जेंटामायसिनचं इंजेक्शन आणि तोंडाने अँटिबायोटिक द्यायचं.

डिसेंबर 1999 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेले आकडे असे होते. 39 गावांत नवजात मृत्यूदर 1993-95 मध्ये हजारी 62 होता, तो 1997-98 मध्ये 25.5 वर आला. तुलनेच्या 47 गावांत तो 60 च्या आसपासच राहिला. सेप्सिस झालेल्या बाळांतलं मृत्यूचं प्रमाण 16.6 टक्क्यांवरून 2.8 टक्क्यांवर आलं.

या प्रयोगाला मर्यादा होत्या, आणि त्या सांगायलाच हव्यात. कोणती गावं प्रयोगात घ्यायची हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं नव्हतं. शिवाय ऊब देणं, स्तनपान, अशक्त बाळाची जादा काळजी आणि इंजेक्शन हे सगळं एकत्रच दिलं गेलं. त्यामुळे नेमका किती जीव इंजेक्शनने वाचवला आणि किती उबेने, हे वेगळं करता येत नाही. पुढे 'अंकुर' प्रकल्पातून महाराष्ट्रात सात ठिकाणी हीच पद्धत दुसऱ्या संस्थांनीही राबवली.

आशाताईंकडे काय आलं, काय नाही?

2009 मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी नवजात बाळासाठी गृहभेटींची शिफारस केली. 2011 मध्ये भारत सरकारने आशा कार्यकर्त्यांमार्फत घरच्या घरी नवजात काळजीचा कार्यक्रम सुरू केला. बाळंतपण दवाखान्यात झालं असेल तर 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी आशाताई घरी येते. घरी झालं असेल तर पहिल्या दिवशीही. ती वजन करते, तापमान पाहते, श्वास मोजते. पिंपळगाव रेणुकाईपासून सावंतवाडीपर्यंत हेच वेळापत्रक आहे. अनेक घरांत ती केवळ 'वही भरायला' येते असं समजतात. या भेटी कुठून आल्या हे माहीत असेल तर तसं वाटणार नाही.

इंजेक्शन मात्र आशाताईंच्या हाती आलं नाही. डॉक्टर नसलेल्या व्यक्तीने ते द्यावं का, हा वाद जुना आहे. 2014 मध्ये केंद्राने ठरावीक परिस्थितीत एएनएम, म्हणजे उपकेंद्रातल्या नर्सताईंना, जेंटामायसिन देण्याची परवानगी दिली. औषध हाताशी असणं हा एक भाग झाला, ते चालणं हा दुसरा. 2011 ते 2014 या काळात दिल्लीतल्या तीन मोठ्या रुग्णालयांत 13,530 नवजात बाळांवर झालेल्या अभ्यासात सेप्सिसचे अनेक जंतू बहुतेक नेहमीच्या अँटिबायोटिकना दाद देत नसल्याचं आढळलं. साध्या सर्दीलाही दुकानातून अँटिबायोटिक आणून देण्याची सवय जंतूंच्या अशा निगरगट्टपणात भर घालते. श्वास मोजण्याचा दुसरा फायदा तोच: ज्याला गरज नाही त्याला औषध जात नाही.

'सलाईन लावा' म्हणण्याआधी

दवाखान्यातल्या उपचारांबद्दलही काही समजुती संशोधनाने बदलल्या. 2008 मध्ये पाकिस्तानातल्या 2037 मुलांवरच्या अभ्यासात छाती आत ओढली जात असलेल्या, पण इतर धोक्याची लक्षणं नसलेल्या मुलांना घरी तोंडाने अमॉक्सिसिलिन देणं हे भरती करून इंजेक्शन देण्याइतकंच परिणामकारक ठरलं.

त्याहून धक्कादायक निकाल 2011 चा. युगांडा, केनिया आणि टांझानियात तीव्र ताप आणि रक्ताभिसरण मंदावलेल्या 3141 मुलांवर चाचणी झाली. काहींना शिरेतून भराभर द्रव दिला, बाकीच्यांना फक्त गरजेपुरता. 48 तासांत भराभर द्रव दिलेल्यांत साडेदहा टक्क्यांच्या आसपास मुलं दगावली, दुसऱ्या गटात 7.3 टक्के. जुलाबाने पाणी कमी झालेली मुलं या चाचणीत नव्हती, त्यांचा हिशेब वेगळा आहे. पण तापाच्या मुलाला डॉक्टर सलाईन लावत नाहीत म्हणून हुज्जत घालण्याआधी हा आकडा आठवावा.

कधी थांबायचं नाही?

पुढचं एकही लक्षण दिसलं तर श्वास मोजत बसायचं नाही, लगेच निघायचं: बाळ दूध किंवा पाणी पीत नाही, घेतलेलं सगळं ओकतं, झटके येतात, उठवूनही जागं होत नाही, शांत असतानाही श्वास घेताना घरघर होते, छाती आत ओढली जाते, ओठ किंवा जीभ निळी पडते. निळेपणाची वाट मात्र पाहू नये, तो फार उशिरा दिसतो. दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर वरच्या सात लक्षणांतलं एकही पुरेसं आहे. 108 ही रुग्णवाहिका महाराष्ट्रात 2014 पासून आहे आणि ती मोफत आहे. वाटेत बाळाला उबदार ठेवावं, पीत असेल तर अंगावर पाजत राहावं. पोटावर चटके देणं, बिब्बा घालणं यात तास जातात आणि जखम वाढते ती वेगळीच. मेळघाटात 'डंबा' नावाने दिले जाणारे चटके हा त्याचाच प्रकार.

न्यूमोनिया टाळण्याची लसही आता सरकारी दवाखान्यात मोफत आहे. न्यूमोकोकस जंतूविरुद्धची पीसीव्ही 2021 मध्ये देशभर लागू झाली. तिचे डोस दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने या वयात देतात. बाळाच्या लसीकरण कार्डावर ही तीन खणं भरली आहेत का, ते आशाताईच्या पुढच्या भेटीत विचारता येतं.