इज्मीर : बाजार, धक्का आणि जळालेला भाग

इज्मीरला आलेला पर्यटक कोनाक चौकातल्या घड्याळाच्या मनोऱ्यापाशी फोटो काढतो आणि थेट समुद्रकाठच्या कोर्दोनवर फिरायला निघतो. मनोरा देखणा आहेच. ऑटोमन सुलतान दुसरा अब्दुल हमीद गादीवर आला त्याला 25 वर्षे झाली, म्हणून तो 1901 मध्ये उभारला गेला. पण हे शहर कशावर वाढले ते कळायला मागच्या केमेरआल्ती बाजारात शिरावे लागते.

बाजारातला आनाफार्तालार रस्ता सरळ जात नाही, कमानीसारखा वळतो. पूर्वी इथे आतले बंदर होते. ते गाळाने भरले, पुढे बुजवले गेले, आणि जुन्या किनाऱ्याचे वळण रस्त्यात तेवढे उरले. 1744 ची किझलरआसी हान ही सराई याच बंदराजवळ बांधलेली. आज तिच्या अंगणात लोक कॉफी पीत बसतात.

सतराव्या शतकापासून इराणचे रेशीम, अंकाराची मोहेर लोकर, कापूस असा माल उंटांच्या तांड्यांवरून इथे येई आणि युरोपच्या जहाजांवर चढे. इंग्रज, फ्रेंच, डच वाणिज्य वकिलाती इथे होत्या. तुर्क, ग्रीक, आर्मेनियन आणि स्पेनमधून हाकलल्या गेलेल्या ज्यूंचे वंशज, सगळ्यांचे हात या व्यापाराला लागले. मुंबई-ठाणे गाडी सुरू झाल्यावर तीनच वर्षांनी, 1856 मध्ये, इंग्रज कंपनीला इज्मीर-आयदन रेल्वेचा परवाना मिळाला. 1866 मध्ये रूळ आयदनला पोहोचले आणि मेंदेरेस खोऱ्यातले अंजीर रेल्वेने बंदरात येऊ लागले. पाठोपाठ 1867 पासून दगडी धक्का बांधायला घेतला गेला. आजचा कोर्दोन तो हाच. इथून जगभर गेलेल्या बेदाण्याशी आपलेही नाते आहे. सांगली-तासगावकडे बेदाण्यासाठी लावतात ती थॉम्पसन सीडलेस द्राक्षे मुळात याच सुलताना जातीची.

या धक्क्यावरच शहराचा सर्वांत काळा आठवडा गेला. 1919 च्या मे महिन्यात ग्रीक सैन्य इथे उतरले होते. 9 सप्टेंबर 1922 रोजी तुर्की सैन्याने शहर परत घेतले. 13 तारखेला आर्मेनियन वस्तीत आग लागली, आणि ती कित्येक दिवस धुमसत राहिली. ती कोणी लावली यावर आजही वाद आहे. आर्मेनियन आणि ग्रीक मोहल्ले भस्मसात झाले. तुर्क आणि ज्यू वस्त्या वाचल्या. पुढे आग, मागे समुद्र, अशी माणसांची प्रचंड गर्दी धक्क्यावर अडकली होती, आणि खाडीत परदेशी युद्धनौका नांगर टाकून उभ्या होत्या. तटस्थतेच्या नावाखाली त्यांनी सुरुवातीला या लोकांना जहाजावर घेतले नाही, हे अक्षम्यच. पुढच्या वर्षी तुर्कस्तान आणि ग्रीस यांच्यात लोकसंख्येच्या अदलाबदलीचा करार झाला, आणि पळून गेलेल्या ग्रीकांच्या परतीची वाट कायमची बंद झाली.

जळालेल्या जागेचा मोठा भाग वर्षानुवर्षे ढिगाऱ्याखाली पडून होता. महापौर बेहचेत उझ यांनी तिथे कुल्तुरपार्क उभारले. 1936 मध्ये ते खुले झाले, आणि इज्मीरची प्रसिद्ध जत्रा तिथे भरू लागली. आज तिथे दाट झाडी आहे.

बहुतेक सहली इज्मीरला उतरून लगेच इफेसस या प्राचीन शहराच्या अवशेषांकडे वळतात. इफेसस जेमतेम 80 किलोमीटरवर आहे, ते दुपारनंतरही पाहता येते. सकाळ मात्र केमेरआल्ती आणि कुल्तुरपार्कसाठी ठेवा, आणि एकातून दुसऱ्याकडे पायी जा.