सरकार स्थापना : द्विसदनी विधिमंडळात

महाराष्ट्रात विधानसभा (288 जागा) आणि विधान परिषद (78 जागा) अशी दोन सभागृहे आहेत. सरकार मात्र विधानसभेच्या बहुमतावरच उभे राहते किंवा पडते. परभणी जिल्ह्यातील जिंतूर, परभणी, गंगाखेड व पाथरी हे चार मतदारसंघ या गणितात थेट मोजले जातात. जिल्ह्यातील पदवीधर आणि शिक्षक विधान परिषदेसाठीही मतदान करतात, पण त्या मताने सरकार पडत नाही.

राज्यपाल मुख्यमंत्र्यांची व त्यांच्या सल्ल्याने इतर मंत्र्यांची नियुक्ती करतात (अनुच्छेद 164). बहुमतासाठी लागणाऱ्या 145 आमदारांचा पाठिंबा खरा की कागदावरचा, हे सभागृहातच ठरते. सर्वोच्च न्यायालयाच्या बोम्मई निकालाने (1994) ते पक्के केले. नोव्हेंबर 2019 मध्ये याचीच कसोटी लागली. 23 तारखेला भल्या सकाळी देवेंद्र फडणवीस व अजित पवार यांचा शपथविधी उरकला. 26 ला सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या दिवशी बहुमत चाचणी घेण्याचा आदेश देताच दोघांनी राजीनामे दिले. 28 ला शिवाजी पार्कवर उद्धव ठाकरे मुख्यमंत्री झाले. ते कोणत्याच सभागृहाचे सदस्य नव्हते. अशा मंत्र्याला सहा महिन्यांत निवडून यावे लागते. मे 2020 मध्ये ते परिषदेवर बिनविरोध गेले. दुय्यम म्हणवले जाणारे सभागृह अशा वेळी भलतेच कामाला येते.

मंत्र्यांची संख्या मुख्यमंत्र्यांसह विधानसभेच्या 15 टक्क्यांपेक्षा अधिक नसते, म्हणजे कमाल 43. याच मर्यादेतील मंत्रिमंडळात डिसेंबर 2024 मध्ये जिंतूरच्या आमदार मेघना बोर्डीकर राज्यमंत्री झाल्या.