२९ अंशांवर कोसळणारी माशी

साधारण तापमानाला भिरभिरणारी एखादी फळमाशी २९ अंश सेल्सिअसला नेली, की काही सेकंदांत आडवी होते. पुन्हा गारव्यात आणली, की उठून चालू लागते. तिच्या एका जनुकातील दोषामुळे चेतापेशीतील एखादेच प्रथिन उष्णतेत काम थांबवते, एवढाच तिचा आजार. अशा माशा व्हँकुव्हरमध्ये डेव्हिड सुझुकी यांच्या गटाला १९७०च्या सुमारास सापडल्या आणि त्यांच्यामुळे एका भारतीय शास्त्रज्ञाचे आयुष्य वेगळ्या वळणाला लागले.

ओबेद सिद्दीकी मूळचे उत्तर प्रदेशातील बस्तीचे. शिक्षण अलिगढ आणि ग्लासगो येथे. होमी भाभांनी १९६२मध्ये त्यांना मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रेणवीय जीवशास्त्राचा विभाग सुरू करण्यास बोलावले. भौतिकी आणि गणिताच्या त्या घरात जीवशास्त्र तेव्हा पाहुणेच होते.

चेतापेशीचे वीजगणित तोवर सुटलेले होते. विश्रांतीत पेशीचा आतला भाग बाहेरच्यापेक्षा सुमारे ७० मिलिव्होल्टने ऋण असतो; सोडियमचे आयन आत घुसले, की तो जेमतेम सहस्रांश सेकंद धन होतो आणि ही लाट तंतूवरून पुढे सरकते. हॉजकिन आणि हक्सली यांनी १९५२मध्ये म्हाकुळाच्या जाड चेतातंतूवरून त्याची समीकरणे मांडली. परंतु समीकरणांत रेणू दिसत नाहीत. आयनांना वाट देणारे दार कोणते? तंतूच्या टोकाशी रासायनिक निरोपाच्या पुटिका कोण रिकाम्या करते आणि पुन्हा कोण भरते?

यंत्राचा एकेक भाग बंद पाडून पाहणे, हा सिद्दीकींचा मार्ग होता. कॅलिफोर्नियातील सीमोर बेंझर यांच्यासह त्यांनी तापलेल्या माशांच्या चेता-स्नायूंतील विद्युत बिघाड नोंदवले. १९७६च्या त्यांच्या शोधनिबंधात सुझुकींच्या माशांबरोबर ‘कोमाटोज’ ही नवी माशीही होती. ती अधिक उष्णतेत कोसळे आणि शुद्धीवर यायला बराच वेळ घेई.

जनुकांची ओळख मात्र पुढे अमेरिकेतील प्रयोगशाळांत पटली. ‘पॅरा’ म्हणजे सोडियमचे दार. ‘शिबिरे’ म्हणजे डायनामिन. ते रिकाम्या पुटिका पटलापासून खुडून परत आत आणते. ते थांबले, की पुटिकांचा साठा संपतो आणि वीज टोकापर्यंत पोहोचूनही पुढच्या पेशीला निरोप जात नाही. या डायनामिनचा पाठपुरावा टाटा संस्थेत के. एस. कृष्णन यांनी केला (रामन यांचे सहकारी कृष्णन ते वेगळे). सिद्दीकी स्वतः तोवर व्हेरोनिका रॉड्रिग्ज यांच्याबरोबर माशीच्या गंध आणि चवीकडे वळले होते. मोठी संधी हुकली असे कोणी म्हणेल. पण त्याच कामातून भारतात चेताजनुकशास्त्राची एक पिढी घडली आणि बंगळुरूचे राष्ट्रीय जैविक विज्ञान केंद्र उभे राहिले.

‘कोमाटोज’चे प्रथिन एनएसएफ निघाले. पुटिका पटलाला जोडणाऱ्या प्रथिनांची गाठ ते नंतर सोडवते. जेम्स रॉथमन यांनी ते सस्तन प्राण्यांच्या पेशींतून, अगदी वेगळ्या वाटेने शोधले होते. पुटिकांच्या वाहतुकीवरील कामासाठी ऑक्टोबर २०१३मध्ये त्यांना इतर दोघांसह नोबेल जाहीर झाले. बंगळुरूतील रस्त्यावरच्या अपघातानंतर सिद्दीकींचे निधन त्याच वर्षी २६ जुलैला झाले होते.