गाण्यातले इंग्रजी आणि यादीतले इंग्रजी

इंग्रजी शिकणारा मुलगा कानाला हेडफोन लावून बसला, की घरचे वडीलधारे आणि क्लासमधले सर एकाच सुरात बोलतात: या गाण्यांनी भाषा बिघडते. या मताला मी हलके लेखत नाही. ज्या भाषेवर उद्याची नोकरी ठरणार, ती धड शिकली जावी ही काळजी रास्तच आहे. म्हणून पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण बळानिशी मांडतो. गाण्यांतली भाषा व्याकरण मोडते. त्यांतले बोलभाषेतले शब्द चार दिवसांत शिळे होतात. गीतकार यमकासाठी आणि तालासाठी वाक्य वाकवतो, त्यामुळे ऐकणाऱ्याच्या हातून अर्थ निसटतो. तेव्हा वाक्प्रचार शिकायचे ते अर्थांसह छापलेल्या यादीतून; गाणी करमणुकीपुरती. निवाडा वाचकांनी करायचा आहे. माझे म्हणणे एवढेच, की यातला एकही मुद्दा तपासणीत टिकत नाही.

व्याकरणापासून सुरुवात करू. रोलिंग स्टोन्स या बँडच्या १९६५ च्या ‘सॅटिस्फॅक्शन’ या गाण्याच्या पूर्ण शीर्षकातच दोन नकार येतात. दोन नकार मिळून होकार होतो, असे आपल्याला शाळेत शिकवले जाते. तो नियम भाषेचा असता, तर गायक मिक जॅगर आपल्या समाधानाची ग्वाही देतो आहे असे श्रोत्यांना वाटायला हवे होते. हे गाणे अमेरिकेत आणि ब्रिटनमध्येही पहिल्या क्रमांकावर गेले. तसा समज झालेला एक तरी श्रोता कोणी दाखवील काय? चौदाव्या शतकात इंग्रज कवी चॉसरने ‘कँटरबरी टेल्स’मधल्या सरदाराचे वर्णन करताना नकारावर नकार रचले, आणि ते जोर देण्यासाठी. दुहेरी नकार त्याज्य ठरवला तो पुढे अठराव्या शतकात, रॉबर्ट लौथ यांच्यासारख्या व्याकरणकारांनी. पुस्तकांनी तो टाकला, पण अनेक बोलींनी जपला. भाषाशास्त्रज्ञ विल्यम लबॉव्ह यांनी १९६० च्या दशकात न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या कृष्णवर्णीय तरुणांचे बोलणे ध्वनिमुद्रित करून तपासले, तेव्हा त्यांना तिथे अनागोंदी दिसली नाही. काटेकोर नियम दिसले. नोकरीच्या अर्जात दुहेरी नकार चालणार नाही, हे मान्य. पण अर्जात न चालणारी भाषा अशुद्ध ठरते काय? बहिणाबाईंची गाणी प्रमाण मराठीत नाहीत म्हणून मराठी शिकणाऱ्याने ती ऐकू नयेत, असे म्हणण्याचे धाडस आपल्यापैकी कोण करील?

उलट, पुस्तकी नियमच कधी कधी अर्थाचा अनर्थ करतो. बॉब मार्लीचे ‘नो वूमन, नो क्राय’ घ्या. शाळेतल्या व्याकरणाने या शीर्षकाचा अर्थ लावणारे पुष्कळ जण ‘बाई नाही तर रडणेही नाही’ असा काढतात. जमैकाच्या बोलीत त्याचा अर्थ आहे, ‘नको, बाई, रडू नकोस.’ एका अर्थात बाईची कटकट टळल्याचा आनंद; दुसऱ्यात किंग्स्टनच्या गरीब वस्तीतल्या स्त्रीला दिलेला धीर. इथे चूक गाण्याची नाही. गाणाऱ्याच्या बोलीलाही नियम असतात, हे न मानण्याची आहे.

शिळेपणाचा आक्षेप लवकर निकालात निघतो. बँडमास्टर कॅब कॅलोवेने १९३८ मध्ये हार्लेमच्या जॅझवाल्यांच्या बोलीचा एक छोटा कोश काढला. त्यातले कितीतरी शब्द आज मेले आहेत, हे खरे. पण ‘जॅम’, ‘चिक’, ‘कॉर्नी’ हे त्यातलेच. ते आजही जिवंत आहेत. ‘इट टेक्स टू टँगो’ हा वाक्प्रचार घराघरांत पोहोचवला तो १९५२ च्या एका गाण्याने. गायिका पर्ल बेलीने ते लोकप्रिय केले, आणि ३० वर्षांनी, १९८२ मध्ये, अमेरिकेचे अध्यक्ष रेगन सोव्हिएत संघाशी असलेल्या संबंधांबद्दल बोलताना पत्रकारांसमोर तेच शब्द वापरत होते. आपल्या याद्यांत मात्र मांजरे-कुत्रे पडणारा पाऊस अजून थांबलेला नाही. खुद्द इंग्लंडात भर पावसातही तो वाक्प्रचार आता क्वचित कानी पडतो. मग शिळे कोण?

अर्थ निसटतो, हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. त्यासाठी पुरावा मीच देतो. ब्रूस स्प्रिंगस्टीनचे ‘बॉर्न इन द यू.एस.ए.’ १९८४ मध्ये आले. व्हिएतनामहून परतलेल्या, काम न मिळणाऱ्या सैनिकाची ती व्यथा आहे. तरी असंख्य अमेरिकनांनी ते देशाभिमानाचे गाणे मानले. त्याच वर्षी न्यू जर्सीतल्या हॅमंटन इथल्या प्रचारसभेत रेगन यांनी स्प्रिंगस्टीनच्या गाण्यांतल्या आशेच्या संदेशाचा गौरव केला. ज्यांची ती मातृभाषा, तेच चुकतात. मग नाशिकच्या मुलाने काय करावे? प्रश्न बिनतोड वाटतो. पण ते का चुकले, हे पाहा. त्यांनी ध्रुवपद ऐकले, कडवी ऐकली नाहीत. सैनिकाची सगळी कहाणी कडव्यांत आहे, आणि ती साध्या इंग्रजीत आहे. नाशिकचा मुलगा शब्द समोर ठेवून, कोशात पाहत, थांबत थांबत ऐकतो. त्याला ती समजण्याची शक्यता सभेत झेंडा फडकवणाऱ्यापेक्षा अधिक आहे.

आता यादीकडे वळू. ‘किक द बकेट’ म्हणजे मरणे. ‘पास अवे’ म्हणजेही मरणे. यादीत दोन्ही सख्ख्या भावंडांसारखे शेजारी बसतात. पहिला वाक्प्रचार एखाद्या सालस मुलाने साहेबांच्या आईसाठी लिहिलेल्या शोकपत्रात घातला, तर दोष कोणाचा? यादीने अर्थ दिला. बोलणारा दिला नाही, ऐकणारा दिला नाही, प्रसंग दिला नाही. गाण्यात हे तिन्ही असतात. कोण बोलतो, कुठल्या गावचा, कोणत्या काळचा, कोणावर चिडून किंवा कोणाला समजावत बोलतो, हे आवाजातच कळते. गायकाचे चरित्र वाचले तर आणखी कळते. म्हणून मी मुलांना नुसती गाणी नव्हे, गाणारी माणसे अभ्यासायला सांगतो.

‘वोक’ या एकाच शब्दाचे उदाहरण घ्या. अमेरिकेतला कृष्णवर्णीय गायक लेड बेली याने १९३८ मध्ये स्कॉट्सबरो प्रकरणावरचे गाणे ध्वनिमुद्रित केले. अलाबामात १९३१ साली नऊ कृष्णवर्णीय मुलांवर बलात्काराचा खोटा आरोप ठेवला गेला होता. त्या गाण्यासोबतच्या बोलण्यात तो आपल्या माणसांना बजावतो, की तिकडे जाल तर जपून असा, ‘वोक’ राहा. तिथे गाफीलपणाची किंमत जीव होती. गायिका एरिका बाडूच्या २००८ च्या ‘मास्टर टीचर’ने तो शब्द नव्या पिढीपर्यंत पोहोचवला, आणि २०१७ मध्ये अन्यायाबद्दल जागरूक या अर्थाने तो ऑक्सफर्डच्या कोशात आला. आज तोच शब्द विरोधकांना हिणवण्यासाठी फेकला जातो. यादीत त्याच्यापुढे एका ओळीचा अर्थ छापायचा आहे. कोणाचा छापणार? लेड बेलीचा, की हिणवणाऱ्याचा? यादीच्या कैवाऱ्यांनी उत्तर द्यावे.