पहाटे 4 वाजून 21 मिनिटं: कोयनेचा भूकंप आणि आमच्या घराची भिंत

आजचा भाग आमच्या घरातल्या एका भांडणातून निघालाय, त्यामुळे आधी तेच सांगतो.

आमचं कुंडलचं घर जुनं आहे. दगडमातीच्या हातभर जाड भिंती आणि वर पत्रा. पप्पांना त्याच भिंतींवर स्लॅब टाकून वरचा मजला काढायचाय. ठेकेदार येऊन भिंतीवर थाप मारून म्हणाला, "अहो, असल्या भिंती आता बघायला मिळत नाहीत. बिनधास्त चढवा मजला." मी विचारलं, भूकंपाचं काय? तर दोघंही हसले. पप्पा म्हणाले, "आपल्याकडं कुठला भूकंप? तो तिकडं कोयनेला."

आज्जी आतून म्हणाली, "तू मांडीवर हुतास तवा. तुला घिऊन मी ह्याच दारातनं पळाली."

पप्पा गप्प. ही गोष्ट मीही कधी नीट ऐकली नव्हती. मग आज्जीला बसवून सगळं विचारलं, आणि पुढचे दोन महिने मी कोयनेच्या भूकंपावर मिळेल ते वाचत सुटलो. त्याचाच हा भाग.

तारीख 11 डिसेंबर 1967, सोमवार. वेळ पहाटे 4 वाजून 21 मिनिटं. आज्जी सांगते, आधी गुरं दाव्याला हिसके द्यायला लागली, मग मांडणीवरची भांडी एकदम खाली आली. तिला वाटलं, घरात चोर शिरला. बाहेर आली तर सगळी आळी रस्त्यावर. तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "धरण फुटलं!" पानशेत फुटून तेव्हा जेमतेम सहा वर्षं झाली होती, त्यामुळे ही ओरड कुणालाच खोटी वाटली नाही. अंधारात माणसं पोरंबाळं घेऊन झरी पार्श्वनाथाच्या डोंगराकडं चालायला लागली. उजाडल्यावर परत आली.

नकाशावर मोजलं तर कोयनानगर कुंडलपासून सरळ रेषेत साधारण 75 किलोमीटर. इथं भांडी पडली, तर तिथं काय झालं असेल?

तिथं कोयनानगर जवळपास जमीनदोस्त झालं. भूकंपाची तीव्रता 6.3 होती. मृतांचा आकडा वेगवेगळ्या ठिकाणी 177 ते 200 असा सापडतो, जखमी दीड हजारांहून जास्त. पोफळीचं वीजघर बंद पडलं आणि मुंबईची वीज गेली. हादरा गोव्यापासून गुजरातपर्यंत जाणवला. पण मला सगळ्यात मोठा धक्का वेगळ्याच गोष्टीचा बसला. तेव्हाच्या भूकंप-नकाशात देशाचे विभाग पाडलेले होते, आणि कोयनेचा भाग त्यातल्या 'शून्य' विभागात होता. म्हणजे इथं भूकंप होणारच नाही. दख्खनचं पठार म्हणजे जुना, घट्ट, गप्प पडलेला खडक, असं सगळे धरून चालले होते. 1970 साली नकाशा पुन्हा काढला तेव्हा शून्य विभागच रद्द केला. कोयना त्या नव्या नकाशात विभाग 4 मध्ये गेली.

मग गप्प खडक बोलला कसा?

कोयनेवर 103 मीटर उंच धरण बांधलं आणि 1961-62 च्या सुमाराला पाणी अडवायला सुरुवात झाली. थोड्याच दिवसांत आसपासच्या गावांना जमिनीतून गुरगुर ऐकू यायला लागली, बारीक धक्के बसायला लागले. त्यासाठी भूकंपमापक बसवले गेले. 13 सप्टेंबर 1967 ला पाचाच्या वरचा धक्का बसला. आणि डिसेंबरात मोठा.

गावकऱ्यांचं म्हणणं पहिल्या दिवसापासून एकच होतं: धरणानं केलं. शास्त्रज्ञांत मात्र दोन तट पडले. एक म्हणे योगायोग, भूगर्भात जे व्हायचं ते झालं. दुसरा म्हणे पाणी आणि धक्के यांचा संबंध स्पष्ट दिसतोय. जगभर नजर टाकली तर दुसऱ्या तटाकडे पुरावा जमत होता. अमेरिकेत हूवर धरणाचा तलाव भरल्यावर 1930 च्या दशकातच धक्के नोंदले गेले होते. 1960 च्या दशकात तर रांगच लागली: चीनमधलं शिनफेंगजियांग, आफ्रिकेतलं करिबा, ग्रीसमधलं क्रेमास्ता आणि आपली कोयना. चारही ठिकाणी धरण भरल्यावर सहाच्या वरचा भूकंप. पुढं हर्ष गुप्ता आणि बी. के. रस्तोगी यांनी 1976 साली धरणं आणि भूकंप या विषयावर अख्खं पुस्तकच लिहिलं. आज धरणाच्या पाण्यानं चाळवलेला जगातला सगळ्यात मोठा भूकंप म्हणून कोयनेचंच नाव घेतात.

मी 'चाळवलेला' म्हणालो, 'घडवलेला' नाही. इथं जरा थांबू, कारण अर्धे वाद इथंच अडकतात.

आपल्याला वाटतं, एवढ्या पाण्याच्या वजनानं जमीन दबली आणि फुटली. मलाही तसंच वाटायचं. कोयनेत आज 105 टीएमसी पाणी मावतं, म्हणजे साधारण 300 कोटी टन. आकडा ऐकून छाती दडपते. पण हिशेब करून बघा. 100 मीटर खोल पाण्याचा दाब होतो सुमारे 10 बार. जमिनीखाली पाच किलोमीटरवर नुसत्या वरच्या खडकाचाच दाब 1,300 बारच्या आसपास असतो. म्हणजे धरणाची भर एक टक्काही नाही. एवढ्यानं डोंगर हलत नाही.

खरी कामगिरी वजनाची नाही, झिरपणाऱ्या पाण्याची. गरम आमटीची वाटी ओल्या ओट्यावर ठेवली की कधीकधी आपोआप सरकते, बघितलंय ना? वाटीच्या बुडाखाली हवा आणि पाणी अडकतं, गरम झालं की फुगतं, वाटीला किंचित उचलून धरतं आणि घर्षण कमी होतं. वाटीला कुणी ढकललेलं नसतं. जमिनीखालच्या भेगेत तसंच काहीसं होतं. भेगेच्या दोन बाजू एकमेकींवर घट्ट दाबून बसलेल्या असतात. पाणी वर्षानुवर्षं झिरपत खाली जातं, भेगेतल्या पाण्याचा दाब वाढतो, दोन्ही बाजूंची पकड सैल होते. आणि त्यांच्यात आधीपासून ताण साठलेला असेल तर त्या सरकतात.

तो ताण धरणानं आणलेला नसतो. भारताचा भूखंड वर्षाला सुमारे पाच सेंटीमीटर वेगानं उत्तरेला सरकतोय आणि हिमालयापाशी अडतोय. ते रेटणं अख्ख्या खंडात भिनलेलं आहे. माझ्या धंद्यातलं उदाहरण देतो. कोडमध्ये बग आधीपासूनच असतो, वर्षानुवर्षं काही होत नाही. दिवाळी सेलला लोड वाढतो आणि सर्व्हर बसतो. दोष लोडचा का बगचा? मीटिंगमध्ये यावर तासभर भांडण होतं. कोयनेवर पन्नास वर्षं चाललं. राज्यात मोठी धरणं पुष्कळ आहेत, पण बहुतेकांखाली असा टेकीला आलेला ताण नाही, म्हणून ती गप्प आहेत.

कोयनेची भानगड अशी की ती थांबत नाही. इतर ठिकाणी काही वर्षांत धक्के कमी झाले. इथं पाचाच्या वरचे वीसहून जास्त आणि चाराच्या वरचे दोनशेच्या पुढं नोंदले गेलेत. दर पावसाळ्यात पाणी चढतं, उन्हाळ्यात उतरतं, आणि पाणी झपाट्यानं चढल्यावर धक्के वाढतात. त्यात दक्षिणेला वारणेवर चांदोलीचं धरण झालं. 1985 पासून तिथं पाणी साठलं आणि 1990 च्या दशकात धक्क्यांचा पट्टा वारणेकडंही पसरला. चांदोली आपल्याच सांगली जिल्ह्यात आहे, पप्पा.

हे सगळं जमिनीच्या आत जाऊन बघावं म्हणून कराडजवळ हजारमाचीला केंद्र सरकारची एक प्रयोगशाळा उभी राहिली, आणि गोठणे गावात तीन किलोमीटर खोल विंधणविवर खोदलं. वरचा बाराशे मीटरच्या आसपास थर आपला ओळखीचा काळा बेसॉल्ट, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. त्याच्या खाली मधे गाळाचा थर न लागता थेट अब्जावधी वर्षं जुना ग्रॅनाइटसारखा खडक. कोयनेचे धक्के होतात ते याच जुन्या खडकात. कराड आपल्याला उसाच्या ट्रॉल्या आणि ट्रॅफिक यांच्यामुळेच माहीत असतं. जगातले भूकंपतज्ज्ञ तिथं येऊन राहतात, हे मला सत्तावीस वर्षं ठाऊक नव्हतं.

आता भूकंपानं निसर्गाचं काय केलं, ते. 1967 ला धरणाच्या दक्षिणेकडच्या डोंगरपट्ट्यात जमिनीला काही किलोमीटर लांब, तुटक तुटक भेगा पडल्या. उत्तर-दक्षिण, किंचित तिरक्या. खालचा खडक कुठल्या दिशेनं सरकला त्याची ती वर उमटलेली खूण होती. डोंगरकड्यांवरून दगड गडगडत खाली आले. आणि पाणी. हैदराबादच्या एनजीआरआय संस्थेनं 1990 च्या दशकात या भागात 21 बोअर घेतले, पाणी उपसायला नाही, नुसतं मोजायला. काही भूकंपांच्या वेळी त्यातली पातळी काही सेंटीमीटरनं अचानक वरखाली झालेली दिसली. खडक दाबला गेला की पाणी चढतं, ताणला गेला की उतरतं. गावातली म्हातारी माणसं 'धक्क्यानंतर झरा आटला' म्हणतात तेव्हा मी पूर्वी मान डोलावून सोडून द्यायचो. आता देत नाही. पण उलटही आहे. 2021 च्या जुलैत पाटण तालुक्यात आंबेघर आणि मिरगावला दरडी कोसळून माणसं गेली, तेव्हा व्हॉट्सअपवर लगेच 'कोयनेचा भूकंप' सुरू झालं. त्या दरडी अतिवृष्टीनं आल्या होत्या. प्रत्येक गोष्ट भूकंपावर ढकलली की उताराचं पाणी, रस्त्यासाठी कापलेले डोंगर, यांच्याकडं कुणी बघत नाही.

आणि धरण? ते फुटलं नाही. पण भेगा पडल्या. भिंतीचा उतार जिथं एकदम बदलतो, नेमक्या तिथं. धरणाचं डिझाइन करताना भूकंपासाठी 0.05 जी एवढा आडवा जोर धरला होता. धरणाच्या आतच बसवलेल्या यंत्रानं त्या पहाटे नोंदवला 0.49 जी, धरणाच्या आडव्या दिशेला. हे दोन आकडे सरळ भागायचे नसतात, कारण एक हिशेबातला गुणांक आहे आणि दुसरा क्षणभराचा झटका. पण अंदाज येतो. नंतर पोलादी केबलनं भिंत आवळली आणि मागून काँक्रीटचे टेकू दिले. धरणाच्या अंगावरच मिळालेली अशी नोंद जगात दुर्मीळ, त्यामुळे इंजिनिअर लोक ज्या अबॅकस सॉफ्टवेअरवर अशी गणितं करतात, त्याच्या उदाहरणांत आजही कोयना धरण आहे. कॉलेजात सिव्हिलच्या मित्राच्या स्क्रीनवर मी ते बघितलं होतं. तो मुंबईचा. "कोयना कुठंय रे?" म्हणाला.

आता आमच्या भिंतीकडं येतो. 30 सप्टेंबर 1993, किल्लारी. तीव्रता कोयनेच्या जवळपासच. वेळही पहाटेचीच, चारच्या आधी. मृत्यू सुमारे 8,000. इतका फरक का? दाट वस्तीची जुनी गावं, आणि घरं कशाची? दगडमातीच्या जाड भिंती, वर मातीचं जड धाबं. माती दगडांना धरून ठेवत नाही, फक्त मधली जागा भरते. हलवलं की भिंतीचे आतले आणि बाहेरचे दगड एकमेकांना सोडतात, भिंत पोट फुगल्यासारखी फुटते आणि वरचा भार सरळ झोपलेल्या माणसांवर. ठेकेदार ज्या जाडीवर थाप मारत होता, तीच जाडी किल्लारीत अंगावर आली. आमच्या भिंतीवर पत्रा आहे म्हणून 1967 ला भांड्यांवर भागलं. तिथं स्लॅब आणि मजला असता तर आज हा पॉडकास्ट कुणी केला नसता.

अजून एक गोष्ट, जी मला बोलल्याशिवाय राहवत नाही. कोयना कराडला कृष्णेला मिळते आणि ती कृष्णा आपल्या भागातून वाहते. उन्हाळ्यात कोयनेतून पाणी सुटलं की आपल्याकडच्या मोटारी चालतात, ऊस तगतो. बाकी बरंच पाणी बोगद्यातून पश्चिमेला पोफळीला जातं, वीज करतं आणि वाशिष्ठीतून समुद्राला मिळतं. ज्यांची गावं त्या पाण्याखाली गेली, त्यांच्याच शेजारी जमीन हलत राहिली. कोयना धरणग्रस्त पुनर्वसनासाठी अगदी अलीकडंही कोयनानगरला ठिय्या देऊन बसले होते. धरण होऊन कित्येक दशकं झाली तरी! कुंडलमध्ये प्रतिसरकारच्या गोष्टी सांगताना आपण छाती फुगवतो. मग 75 किलोमीटरवरच्या या माणसांचं नावही आपल्या बोलण्यात का नसतं, हे मला कळत नाही.

जाता जाता तुमच्या फोनबद्दल. अँड्रॉइडवर 2023 पासून भारतात भूकंपाची सूचना येते, सेटिंगमध्ये चालू आहे का बघा. भूकंपाच्या पहिल्या लाटा सेकंदाला सहाएक किलोमीटर जातात, मोडतोड करणाऱ्या दुसऱ्या साडेतीनएक. कोयनेत धक्का बसला तर कुंडलला पहिली लाट साधारण 12 सेकंदांत, दुसरी 21 सेकंदांत. सूचना वेळेत आली तर हातात दहाएक सेकंद. आज्जीला तेवढ्यात पप्पांना उचलून दाराबाहेर येता आलं होतं. वरच्या मजल्यावरून जिना उतरून येता येणार नाही.

भांडणाचं पुढं काय झालं? स्ट्रक्चरल इंजिनिअर येऊन भिंत बघून गेला. म्हणाला, यावर काही चढवू नका, बांधायचं तर मागच्या मोकळ्या जागेत पायापासून कॉलम उभे करा. खर्च जवळपास दुप्पट. पप्पा अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत, पण रविवारी टेप घेऊन मागची जागा मोजताना दिसले. टेपचं दुसरं टोक आज्जीनं धरलं होतं.

चला, भेटू पुढच्या भागात.