समुद्रातील केबल तुटल्यावर इंटरनेट वाट कशी शोधते?

३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ समुद्रतळावरील ‘सी-मी-वी-४’ आणि ‘फ्लॅग युरोप-आशिया’ या दोन केबल्स तुटल्या. भारताची आंतरराष्ट्रीय इंटरनेट क्षमता त्यामुळे सुमारे निम्म्याने घटल्याचे सेवा पुरवठादारांनी तेव्हा सांगितले होते. अशा बिघाडाची झळ छत्तीसगडमधील भिलाईसारख्या समुद्रापासून दूरच्या शहरालाही बसते. तेथून परदेशी जाणारी माहिती आधी जमिनीवरील ऑप्टिकल फायबरमधून मुंबई किंवा चेन्नईच्या केबल स्थानकापर्यंत पोहोचते.

तरीही संपर्क पूर्णपणे तुटत नाही. इंटरनेट हे हजारो स्वतंत्र नेटवर्कचे जाळे आहे. त्यांच्या सीमेवरील राउटर ‘बॉर्डर गेटवे प्रोटोकॉल’ म्हणजे बीजीपी या नियमावलीनुसार उपलब्ध मार्ग एकमेकांना कळवतात. १९८९ मध्ये तिचा पहिला आराखडा प्रसिद्ध झाला. शेजारच्या राउटरकडून ठरावीक वेळेत संदेश न आल्यास त्याच्याकडून मिळालेले मार्ग रद्द होतात. ही मुदत ९० सेकंद असावी, असे प्रमाणित आराखड्यात सुचविले आहे. रद्द झालेल्या मार्गांची माहिती पुढे पसरते आणि प्रत्येक राउटर उरलेल्यांतून पर्याय निवडतो.

२००८ मध्ये बरीच वाहतूक पूर्वेकडून, प्रशांत महासागरमार्गे वळविण्यात आली. मात्र बीजीपी केवळ वाट शोधते, क्षमता वाढवत नाही. त्यामुळे पर्यायी मार्गावर कोंडी होऊन वेग मंदावला. दुरुस्ती फेब्रुवारीत जहाजांनीच केली.

शहराला बाहेर जोडणारी एकमेव फायबर तुटली, तर मात्र बीजीपीपुढेही पर्याय उरत नाही. म्हणूनच भिलाईसारख्या शहरांना भिन्न दिशांनी जाणाऱ्या किमान दोन वाहिन्या आवश्यक ठरतात.