वऱ्हाडातील मध्यम वर्ग : व्याख्येचा व मोजमापाचा प्रश्न

‘मध्यम वर्ग’ ही संज्ञा अर्थशास्त्रात, राज्यशास्त्रात आणि नित्याच्या बोलण्यातही सर्रास वापरली जाते. तथापि तिची सर्वमान्य व्याख्या अद्याप ठरलेली नाही. विकसनशील देशांच्या बाबतीत ही अडचण अधिकच जाणवते. अलीकडच्या काळात या देशांतील मध्यम वर्ग मोजण्याचे जे प्रयत्न झाले, त्यांपैकी बहुतेकांनी दरडोई दैनिक खर्च हे माप घेऊन त्यास खालची व वरची मर्यादा घातली. अभिजित बॅनर्जी व एस्तेर ड्युफ्लो यांनी २००८ साली क्रयशक्तीच्या समतेनुसार २ ते ४ डॉलर व ६ ते १० डॉलर असे दोन गट विचारात घेतले. मार्टिन रॅव्हेलियन यांनी २०१० साली २ ते १३ डॉलर ही मर्यादा मांडली, तर होमी खरास यांनी त्याच वर्षी १० ते १०० डॉलर ही मर्यादा स्वीकारली. एका अभ्यासकाच्या मते मध्यम वर्गात सुखाने बसणारे कुटुंब दुसऱ्याच्या मते त्या वर्गाच्या उंबरठ्यापाशीही पोहोचत नाही, असा याचा परिणाम होतो.

हा मतभेद केवळ आकड्यांचा नाही. मोजणारा कोण आणि त्याने कोणत्या हेतूने मोजले, यावर माप अवलंबून राहते. अमरावती व अकोला या दोन जिल्ह्यांचा गेल्या पावणेदोनशे वर्षांचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. येथील मध्यम वर्ग कारखान्यांच्या आश्रयाने वाढला नाही. तो कापसाच्या आश्रयाने वाढला. त्यामुळे त्याचा एक पाय शेतात व दुसरा कचेरीत राहिला, आणि शासनाने वेळोवेळी योजलेल्या मापांनी या दोहोंपैकी एकाच पायाची नोंद घेतली.

इ. स. १८५३ च्या तहान्वये निजामाने हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या खर्चासाठी वऱ्हाड प्रांत कंपनी सरकारच्या स्वाधीन केला. तत्पूर्वी गावात पाटील व पटवारी, परगण्यात देशमुख व देशपांडे, आणि पैशाच्या व्यवहारात सावकार अशी सत्तेची विभागणी होती. या मंडळींना सुस्थित म्हणता येईल, परंतु आधुनिक अर्थाने मध्यम वर्ग म्हणता येणार नाही. कारण त्यांचे स्थान वतनावर व वंशपरंपरेवर आधारलेले होते. नव्या राजवटीने मुंबई इलाख्याच्या धर्तीवर रयतवारी पाहणी केली, खातेदाराच्या नावे सारा ठरविला आणि त्यास जमीन विकण्याचा व गहाण टाकण्याचा हक्क दिला. या हक्कामुळे शेतकऱ्याची पत वाढली आणि त्याच हक्कामुळे त्याची जमीन सावकाराच्या हाती जाण्याचा मार्गही मोकळा झाला.

याच सुमारास अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१-१८६५) लँकेशायरच्या गिरण्यांस अमेरिकन कापूस मिळेनासा झाला व वऱ्हाडच्या कापसाचे भाव एकाएकी चढले. पूर्वी अमरावतीचा कापूस बैलांच्या पाठीवरून गंगाकाठच्या मिर्झापूरपर्यंत जात असे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीचा लोहमार्ग १८६७ साली नागपुरास पोहोचल्यानंतर तो थेट मुंबई बंदराकडे जाऊ लागला. अमरावती मुख्य मार्गावर नव्हती, म्हणून बडनेऱ्याहून तेथवर शाखा काढण्यात आली. जिन व प्रेस उभे राहिले. अडते, दलाल, मुनीम, तोलारी, स्टेशनवरील कारकून, कचेरीतील शिरस्तेदार, शाळामास्तर व वकील असे नवे व्यवसाय दोन्ही शहरांत स्थिरावले. मात्र युद्ध संपताच भाव कोसळले. ज्या भावाच्या भरवशावर कर्जे काढली गेली होती तो भाव राहिला नाही, आणि कर्जे मात्र राहिली. वऱ्हाडच्या मध्यम वर्गाचा पुढील इतिहास या अनुभवाची अनेकवार पुनरावृत्ती करतो.

या वर्गाची पहिली प्रभावी पिढी वकिलांची होती. गणेश श्रीकृष्ण उर्फ दादासाहेब खापर्डे (१८५४-१९३८), मूळचे धुळ्याचे रंगनाथ नरसिंह मुधोळकर (१८५७-१९२१) व मोरोपंत जोशी यांनी अमरावतीस वकिलीच्या बळावर कीर्ती मिळविली. १८९७ साली राष्ट्रीय सभेचे अधिवेशन अमरावतीस भरले, त्या वेळी खापर्डे स्वागताध्यक्ष होते. मुधोळकरांनी १९१२ च्या बांकीपूर अधिवेशनाचे अध्यक्षपद भूषविले. या पिढीच्या उत्पन्नाचा उगम शोधू गेल्यास तो पुन्हा कापसाकडेच जातो. जमिनीचे दावे, गहाणखतांचे खटले आणि व्यापाऱ्यांचे करार यांवर न्यायालये चालत, आणि हे सर्व व्यवहार कापसाच्या पैशाने होत. वकील शहरात राहत असला तरी त्याचे अशील खेड्यातून येत.

याच १८९७ साली वऱ्हाडातील कापूस व धान्याच्या बाजारांविषयी जो कायदा झाला, तो हिंदुस्थानातील शेतमालाच्या नियंत्रित बाजारांचा आरंभीचा कायदा होय. त्यापूर्वी १८८६ मध्ये कारंजा येथे असा बाजार सुरू झाला होता. परंतु बाजारांच्या कारभारावर व्यापाऱ्यांचे वर्चस्व राहिले. बाजारात माल आणणारा शेतकरी कितीही सधन असला तरी त्या बाजाराच्या दृष्टीने तो केवळ विक्रेता होता. सार्वजनिक जीवनातील ‘मध्यम वर्ग’ या कल्पनेत त्यास फार काळ स्थान मिळाले नाही, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

आता मापांकडे वळता येईल. ब्रिटिश अमदानीत सुस्थित माणूस ओळखण्याचे सर्वांत सोपे साधन प्राप्तिकर हे होते. १८८६ च्या कायद्याने वार्षिक ५०० रुपयांच्या खालचे उत्पन्न करमुक्त ठेवले. १९०३ साली ही मर्यादा १,००० रुपये करण्यात आली. परंतु शेतीचे उत्पन्न या कराच्या कक्षेबाहेर ठेवलेले होते व केंद्रीय प्राप्तिकरातून ते आजही वगळलेले आहे. कापसाचा अडत्या करदात्यांच्या यादीत आला. त्यास शेकडो मण कापूस विकणारा खातेदार आला नाही. प्राप्तिकराच्या आकड्यांवरून मध्यम वर्गाचा विस्तार मोजू पाहणाऱ्यास कारंजा वा अकोट येथील बाजारपेठ दिसते, पण बाजारपेठेला पोसणारा भोवतालचा मुलूख दिसत नाही.

दुसरे माप जनगणनेचे. १९५१ च्या जनगणनेने लोकसंख्येची उपजीविकेनुसार आठ वर्गांत विभागणी केली. त्यांपैकी चार शेतीचे व चार बिगरशेतीचे होते. स्वतः न कसणारे जमीनमालक व खंड घेणारे यांचा स्वतंत्र वर्ग होता. या विभागणीत प्रत्येक स्वावलंबी माणसाची मुख्य उपजीविका एकच धरली जाई, आणि त्याच्यावर अवलंबून असणाऱ्यांची गणना त्याच्याच वर्गात होई. वऱ्हाडातील कुटुंबाची घडण पाहता ही पद्धत अपुरी ठरते. दर्यापूर तालुक्यातील एखाद्या एकत्र कुटुंबाची कल्पना केली तर थोरला भाऊ सालदार ठेवून शेती पाहतो, मधला शाळेत शिक्षक आहे, आणि धाकटा अकोल्यास जिनमध्ये मुनीम आहे. सुगीचा पैसा, मास्तरांचा पगार व मुनिमाची मिळकत एकाच घरात येते आणि पेरणीचा, लग्नाचा व शिक्षणाचा खर्च त्याच घरातून होतो. अशा कुटुंबाचे तीन वर्गांत तुकडे केले की त्यांपैकी एकही तुकडा मध्यम वर्गाचा म्हणून ओळखू येत नाही.

तिसरे माप थेट ‘मध्यम वर्ग’ या नावानेच योजले गेले. केंद्रीय सांख्यिकी संघटनेने १९५८-५९ मध्ये देशातील ४५ शहरांत मध्यमवर्गीय कुटुंबांच्या राहणीची पाहणी केली. ज्या कुटुंबाचे निम्मे वा अधिक उत्पन्न बिगरशेती क्षेत्रातील अंगमेहनतीखेरीजच्या नोकरीतून येते, ते मध्यमवर्गीय, अशी तेथे व्याख्या होती. महागाईचा निर्देशांक काढणे हा या पाहणीचा उद्देश असल्याने ती व्याख्या त्या कामापुरती योग्यच होती. परंतु ती सर्वत्र लावल्यास वरूड-मोर्शीकडील संत्र्याचा बागाईतदार, कितीही सुशिक्षित असला तरी, मध्यम वर्गाबाहेर पडतो.

या व्याख्येचा दुसरा दोष असा की, वर्गाची सामाजिक बाजू तीत येत नाही. १९२७ साली अमरावतीस अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा प्रश्न उभा राहिला आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली तेथे वऱ्हाडातील अस्पृश्यांची परिषद भरली, तेव्हा हे स्पष्ट झाले की, पैसा व शिक्षण मिळवूनही काहींना सार्वजनिक प्रतिष्ठेचा दरवाजा बंद होता. पुढे राखीव जागांच्या आधारे नोकरीत आलेल्या दलित कुटुंबांतून पगार असलेला पण जमीन नसलेला असा एक मध्यम वर्ग निर्माण झाला. उलट कुणबी-मराठा व माळी समाजांत जमीन असलेला पण पगारासाठी धडपडणारा वर्ग होता. डॉ. पंजाबराव देशमुख (१८९८-१९६५) यांनी १९३२ साली अमरावतीस श्री शिवाजी शिक्षण संस्था स्थापन केली, तिच्यामागे शेतकऱ्याच्या मुलास शिक्षण मिळावे हा हेतू होता. अमरावतीचे किंग एडवर्ड कॉलेज १९२३ साली निघाले. तत्पूर्वी पदवीच्या शिक्षणासाठी वऱ्हाडच्या विद्यार्थ्यास नागपूर, पुणे वा मुंबई गाठावी लागे. तो खर्च सोसण्याची ऐपत कोणात होती, हा त्या काळच्या मध्यम वर्गाचा एक विश्वसनीय पुरावा मानता येईल.

कुटुंबाची उन्नती आणि त्याचे मोजलेले उत्पन्न ही नेहमी एकाच दिशेने जातात असेही नाही. निंदण व वेचणी ही वऱ्हाडात प्रामुख्याने स्त्रियांची कामे. घरी सुबत्ता येताच घरच्या स्त्रिया मजुरीचे व पुढे स्वतःच्या शेतातील कामही सोडतात, ही प्रवृत्ती सर्वपरिचित आहे. त्यामुळे कुटुंबाचा मान वाढतो, पण मोजणीत ‘काम करणाऱ्यां’ची संख्या घटते आणि मजूर लावल्याने खर्च वाढतो. आकड्यांत कुटुंब किंचित खाली उतरलेले दिसते. गावाच्या दृष्टीने मात्र ते वर चढलेले असते.

व्याख्येच्या या प्रश्नाला आज व्यावहारिक महत्त्व आले आहे, कारण आता तिच्यावर महाविद्यालयातील प्रवेश व नोकरी अवलंबून असते. २०१९ च्या १०३ व्या घटनादुरुस्तीनंतर केंद्र शासनाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठी जे निकष ठरविले, त्यांनुसार वार्षिक कौटुंबिक उत्पन्न ८ लाख रुपयांपेक्षा कमी असावे लागते. आणि उत्पन्न कितीही कमी असले तरी ५ एकर वा त्याहून अधिक शेतजमीन असलेले कुटुंब अपात्र ठरते. येथे एकराला सर्वत्र सारखेच मोल दिलेले आहे. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात, म्हणजे दर्यापूर व अकोल्याच्या भागात, भूगर्भातील पाणी खारट असल्यामुळे विहिरीवर ओलीत करणे कठीण. तेथील पाच एकर पावसाच्या भरवशावर असतात. गोड्या पाण्याच्या विहिरीवर संत्र्याची बाग असलेल्या पाच एकरांशी त्यांची तुलना होऊ शकत नाही. हा फरक शासनास अज्ञात नाही. महाराष्ट्राच्या १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्यात १९७५ साली दुरुस्ती झाली, तेव्हा दोन पिकांच्या खात्रीच्या ओलिताची जमीन १८ एकर व कोरडवाहू जमीन ५४ एकर अशी मर्यादा ठरली. म्हणजे ओलिताचा एक एकर हा कोरडवाहू तीन एकरांबरोबर मानला गेला. रयतवारी पाहणीनेही जमिनीची प्रत पाहूनच सारा बसविला होता. जमीन काढून घेताना व सारा वसूल करताना जो विवेक दाखविला गेला, तो सवलत देताना विसरला जावा, हे विसंगत आहे.

वऱ्हाडातील सुस्थितीचे खरे वैशिष्ट्य तिच्या अस्थिरतेत आहे. १८६५ ची भावघसरण, १८९९-१९०० चा दुष्काळ, १९२९ नंतरची जागतिक मंदी हे तिचे ठळक प्रसंग होत. १८९१ ते १९०१ या दशकात वऱ्हाडची लोकसंख्या सुमारे २८ लाख ९७ हजारांवरून २७ लाख ५४ हजारांवर आली. मंदीच्या काळात मध्यप्रांत-वऱ्हाडच्या सरकारला १९३३ साली कर्ज-तडजोडीचा कायदा करावा लागला. शतक उलटल्यावरही चित्र पालटले नाही. २००६ साली शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे केंद्र शासनाने विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे साहाय्य जाहीर केले. त्यांत अमरावती, अकोला व १९९८ साली अकोल्यातून वेगळा झालेला वाशीम हे जिल्हे होते. सात-बाराच्या उताऱ्यावर जे मालक होते, चांगल्या वर्षाच्या उत्पन्नावरून ज्यांतील कित्येक मध्यम वर्गात गणले गेले असते, त्यांच्यावर हा प्रसंग आला.

या इतिहासावरून मोजमापासंबंधी काही निष्कर्ष काढता येतात. मोजणीचे एकक व्यक्ती वा तिचा एकच व्यवसाय नसून एकत्र खर्च करणारे कुटुंब असावे. जमिनीची गणना पाण्याच्या व प्रतीच्या प्रमाणात व्हावी, आणि मालमत्तेतून कर्ज वजा करावे. उत्पन्न एका सुगीचे न धरता चांगली व वाईट अशी अनेक वर्षे मिळून धरावे. अकोला जिल्ह्याच्या १९९८ पूर्वीच्या व नंतरच्या आकड्यांची तुलना वाशीम मिळवूनच करावी. बॅनर्जी व ड्युफ्लो यांनाही अनेक देशांच्या पाहणीत असेच आढळले की, मध्यम वर्गास गरिबांपासून वेगळे करणारी मुख्य गोष्ट म्हणजे खात्रीची, नियमित पगाराची नोकरी. वऱ्हाडातील शेतकरी मुलास नोकरी लागावी म्हणून शेत गहाण टाकतो, तेव्हा तो हेच जाणून असतो. एखाद्या वर्षी पाऊस गेला वा भाव पडला, तरी ज्या घराला जमीन विकावी लागत नाही आणि मुलीची वा मुलाची शाळा सोडवावी लागत नाही, त्या घरास मध्यमवर्गीय म्हणावे. या कसोटीस जी कुटुंबे उतरत नाहीत, त्यांची गणना मध्यम वर्गात करून त्यांना साहाय्यापासून वंचित ठेवणे हे शास्त्रदृष्ट्या चुकीचे व व्यवहारात अन्यायाचे ठरते.